कंप्रेसर बॉनेटखाली की सीटखाली?

थारमध्ये टायरात हवा भरायचा १२ व्होल्टचा एअर कंप्रेसर कायमचा बसवायचा म्हटलं की आपल्या बेळगावकडच्या मंडळींचा पहिला प्रश्न हाच असतो.

बॉनेटखाली बसवला तर बॅटरी शेजारीच, वायर आखूड, मोठा कंप्रेसर ३० अँपियरच्या आसपास करंट खेचतो तेव्हा हे लई कामाचं, आणि आवाजही केबिनमध्ये कमी येतो. पण उष्णतेचं काय? चोर्ला घाट चढून आलात, इंजिन तापलेलं, त्यात कंप्रेसर स्वतःच गरम होतो, मग थर्मल कटऑफ पडतो, म्हणजे जास्त तापल्यावर कंप्रेसर आपोआप बंद होतो, आणि दोन टायर भरून तुम्ही रस्त्याकडेला थांबलेले. शिवाय जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस, नाल्यातून गाडी काढली की पाणी थेट वर उडतं, म्हणून हवा ओढायची नळी तरी उंचावर न्यायलाच पाहिजे.

सीटखाली जागा थंड आणि कोरडी. फक्त वायर लांब होते, तिथं पैसे वाचवू नका बघा, किमान १० चौरस मिमीची तांब्याची वायर घ्या, १६ ची मिळाली तर अजून बरं, नाहीतर व्होल्टेज पडतं आणि मोटर रडत चालते. आवाज मात्र सहन करावा लागतो. कंप्रेसर कुठंही बसवा, फ्यूज बॅटरीजवळच!

शेताच्या चिखलवाटेला टायरमधली हवा १८-२० पीएसआयवर उतरवून परत डांबरीवर आल्यावर चारही टायर भरायचे असतात, आणि तेही भर पावसात, त्यामुळं मी तरी सीटखालीच बसवणार.