रास्ता पेठेची वारसाफेरी: एका आडनावाचा माग

पुण्याच्या वारसाफेऱ्या बहुधा शनिवारवाड्यापासून निघतात आणि कसबा, बुधवार, तुळशीबाग असे करीत मंडईपाशी संपतात. त्यामुळे एका लहान स्थानिक गटाने चालवलेल्या फेरीचा विषय केवळ रास्ता पेठ आहे हे कळल्यावर कुतूहल वाटले. माणशी चारशे रुपये शुल्क आणि रविवारी सकाळचे सुमारे अडीच तास असे या फेरीचे स्वरूप आहे. पेठेला मिळालेले आडनाव हाच तिचा धागा असून तो बऱ्याच अंशी शेवटपर्यंत सुटत नाही, हे तिचे मोठे बलस्थान म्हणावे लागेल.

पुण्याच्या पेठा वारांच्या नावांच्या आहेत, देवांच्या आहेत, सदाशिव, नारायण, नाना अशा व्यक्तींच्याही आहेत. पण आडनाव मिरवणाऱ्या पेठा दोनच, रास्ता आणि घोरपडे. सवाई माधवरावांच्या काळात सरदार आनंदराव रास्ते यांनी वसवलेल्या या पेठेचे मूळ नाव शिवपुरी होते आणि त्यांच्या मृत्यूनंतर ती रास्त्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. शेजारची हनुमान पेठही अशाच रीतीने नाना फडणविसांमुळे नाना पेठ झाली. देवाचे नाव मागे पडून माणसाचे नाव रूढ होण्याची ही दोन उदाहरणे मार्गदर्शकाने एकत्र ठेवली, हे मला आवडले. नानांचे व्यक्तिनाम पेठेला लागले, तर रास्त्यांचे घराण्याचे. हा फरक मात्र त्यांनी दाखवून दिला नाही.

फेरीचा सर्वांत रंगलेला भाग आडनावाच्या अर्थाचा आहे. रास्ते हे मूळचे कोकणातील गोखले. आदिलशाहीच्या चाकरीत असताना त्यांच्या चोख कारभारामुळे त्यांना ‘रास्त’ म्हटले गेले आणि त्याचेच पुढे रास्ते झाले, अशी कथा सांगितली जाते. वाटांवरच्या वसुलीशी हे नाव जोडणारी दुसरी कथाही आहे. मार्गदर्शकाने पहिली कथा जणू दफ्तरातील नोंदच असावी अशा ठामपणे सांगितली आणि दुसरीचा उल्लेखही केला नाही. हे टाळता आले असते. आडनावांच्या व्युत्पत्तीच्या कथा घराण्याच्या मोठेपणाकडे झुकणाऱ्या असतात, त्यामुळे दोन्ही कथा समोर ठेवून निवड श्रोत्यांवर सोडणे अधिक प्रामाणिक झाले असते. शिवाय दुसरी कथा येथे विशेष उपयोगी पडली असती, कारण नव्याने आलेल्या पुणेकराला रास्ता पेठ म्हणजे रस्त्यावरची पेठ असेच वाटते. हा समज इतिहासाच्या दृष्टीने चुकीचा असला तरी फारसा हास्यास्पद नाही, कारण ‘रास्त’ आणि ‘रस्ता’ हे दोन्ही शब्द फारसीतील एकाच मुळाचे, सरळ या अर्थाचे आहेत. आपण रास्त भावाच्या दुकानात धान्य घेतो तेव्हा त्याच शब्दाचा उपयोग करतो. रास्ते पेठ न होता रास्ता पेठ का झाली, असा प्रश्न गटातील एका काकूंनी विचारला, तेव्हा घोरपडे पेठेत एकार टिकला आणि येथे मात्र आकार आला याकडे निदान लक्ष तरी वेधले गेले.

घराण्याची माहिती नेटकी आणि विश्वासार्ह होती. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई वाईच्या रास्त्यांच्या, त्यामुळे पेशवे दरबारात या कुटुंबाचे वजन वाढले. वाईच्या घाटावरचे ढोल्या गणपतीचे मंदिर गणपतराव रास्ते यांनी 1762 मध्ये बांधलेले, हे ऐकताना वाईला जाऊन आलेल्या अनेकांना पेठेचा आणि त्या घाटाचा संबंध प्रथमच उमगला असावा. रास्ते वाडा मात्र बाहेरूनच पाहायला मिळतो. आत जाता येणार नाही हे नोंदणीच्या वेळी स्पष्ट सांगायला हवे होते, कारण अनेकजण त्याच आशेने आले होते.

पेठेचा पुढचा इतिहास घाईत उरकला जातो, आणि माझी मुख्य तक्रार हीच आहे. 1912 मध्ये स्थापन झालेले के. ई. एम. रुग्णालय ज्या रस्त्यावर आहे त्याला सरदार मुदलियारांचे नाव आहे, म्हणजे मराठी सरदाराच्या आडनावाच्या पेठेत तमिळ आडनावाचा रस्ता. तिथे थांबून बोलण्यासारखे पुष्कळ होते, पण रुग्णवाहिकांच्या वर्दळीत गट पुढे सरकला. त्याहून अधिक खटकली ती सुक्कथ शेलोमो या बेने इस्राएली, म्हणजे कोकणातील मराठीभाषक ज्यूंच्या, सिनेगॉगची (प्रार्थनामंदिराची) बोळवण; 1921 ची वास्तू असे सांगून मार्गदर्शक पुढे निघाले. वास्तविक फेरीच्या विषयाला याहून चांगली जोड मिळाली नसती. बेने इस्राएलांची पेणकर, रोहेकर, दिवेकर ही आडनावे कोकणातील गावांवरून आलेली आहेत. गावाचे नाव माणसाला लागण्याची ही वहिवाट आहे, आणि पेठेचे नाव नेमके तिच्या उलट दिशेने, माणसाकडून जागेकडे गेले आहे. दोन्ही दिशा काही मिनिटांच्या अंतरावर पाहता येत असताना तिथे केवळ सालाचा उल्लेख करणे म्हणजे हाती आलेला विषय सोडून देणे होय.

व्यवस्थेबद्दल थोडक्यात सांगायचे तर गट मोठा नव्हता, आवाज मागच्या रांगेपर्यंत पोहोचत होता आणि छापील नकाशा उपयुक्त होता; फक्त त्यावर शिवपुरी हे जुने नाव कुठेही नव्हते, ही गोष्ट अनाकलनीय आहे. ज्येष्ठांनी पदपथांची अवस्था लक्षात घेऊन चांगली पादत्राणे घालावीत आणि पाण्याची बाटली जवळ ठेवावी.

पुण्यात राहूनही पूर्वेकडच्या पेठा ज्यांनी दवाखाना किंवा वीजबिलाच्या कामापलीकडे पाहिलेल्या नाहीत, त्यांनी ही फेरी जरूर करावी. शनिवारवाड्याच्या फेरीचा चढता उत्साह येथे नाही, पण नेमकी माहिती भरपूर आहे. शुल्क वाजवी वाटते. आयोजकांनी सिनेगॉगपाशी वेळ वाढवावा आणि घोरपडे पेठेचीही अशीच फेरी सुरू करावी. घोरपडीच्या साह्याने किल्ला सर केल्याची त्या आडनावाची दंतकथा लोकांना ठाऊक असतेच, त्यामुळे नोंदणीला अडचण येणार नाही. घोरपडे पेठ आणि घोरपडी ही दोन वेगळी ठिकाणे आहेत हे मात्र जाहिरातीतच ठळकपणे छापावे, अन्यथा अर्धा गट रेल्वे फाटकापाशी जाऊन उभा राहील.