इंग्रजी टेन्सचा तक्ता घोकायचा की वाक्यं बोलत शिकायचं?

तक्त्याला लोक उगाच नावं ठेवतात. वॉकची रूपं मुळात चारच, वॉक, वॉक्स, वॉक्ड, वॉकिंग, साधा प्रेझेंट आणि साधा पास्ट सोडले तर बारातल्या बाकी दहा काळांचं काम हॅव, बी, विल ही मंडळी करतात आणि हे तक्त्यात एका नजरेत दिसतं. आपल्याकडे तो चालला, ती चालली, ते चाललं, तिकडे ही-शी-दे सगळ्यांना वॉक्डच, आरामच आहे. स्पेलिंगलाही तक्ताच बरा, स्टॉपला ईडी लावताना पी डबल होतो, स्टडीतल्या वायचा आय होतो पण प्लेचा वाय तसाच राहतो, असलं डोळ्यानेच लक्षात राहतं.

पण तोंड उघडलं की तक्ता ढेपाळतो. ईडीचे उच्चार तीन, वॉक्डच्या शेवटी ट, प्लेडला ड, वॉन्टेडला इड, आणि तक्त्यात बघून बघून लोक सरळ 'वॉकेड' म्हणतात. आणि 'आय हॅव फिनिश्ड इट यस्टरडे', यात रूप तक्त्याप्रमाणे एकदम करेक्ट तरी वाक्य चूक, कारण यस्टरडे आला की साधा पास्ट, आय फिनिश्ड इट यस्टरडे. मराठीत 'कालच संपवलंय' बिनधास्त चालतं ना, म्हणून आपण हमखास इथेच घसरतो. 'डिड नॉट वॉक्ड'चंही तेच, डिडनंतर ईडी उडतो हे दहा वाक्यं बोलल्याशिवाय जिभेला कळत नाही.

परीक्षा तोंडावर असेल तर तक्ता घ्या, इंटरव्ह्यू असेल तर वाक्यंच, आणि तीही स्वतःच्या कामाची, पुस्तकातल्या रामाची नकोत.