सात फ्रेमा आणि ‘दुःखद निधन’

फोटोफ्रेमच्या या दुकानाचं नाव देत नाही, कारण पुढं तक्रारीही आहेत. सोलापुरात नवी पेठेतल्या एका बोळात आहे, दारात चंदनाच्या हारांचे नमुने टांगलेले असतात, एवढं पुरे. माझ्याकडून पाचात साडेतीन तारे.

मी कॉलेजची निवृत्त ग्रंथपाल. आमच्या वाचक मंडळानं 17 नोव्हेंबरला छोटं प्रदर्शन लावायचं ठरवलं. विषय: विद्यापीठांवर सरकारं तुटून पडली तेव्हा मारली गेलेली माणसं. 1939 साली याच तारखेला नाझींनी झेक विद्यापीठं बंद केली, नऊ जणांना खटल्याविना गोळ्या घातल्या आणि बाराशेच्या वर विद्यार्थी छळछावणीत पाठवले. 1973 साली त्याच तारखेला अथेन्सच्या पॉलिटेक्निकचं फाटक रणगाड्यानं पाडलं. म्हणून 17.

काम साधं होतं. बारा बाय अठराच्या सात फ्रेमा, खाली चार ओळींचा मजकूर. 420 रुपयाला एक. घासाघीस केली, दहा रुपयेसुद्धा सुटले नाहीत.

तिसऱ्या दिवशी नमुना बघायला गेले. कॉम्प्युटरवर सोफी शोल. उजवीकडं समई, डावीकडं गुलाबी कमळ, वर वळणदार अक्षरांत ‘दुःखद निधन’. हसावं की चिडावं कळेना. पोरगा म्हणाला, “फाइल तयारच असती मॅडम, फोटो फक्त बसवायचा.” मग त्यानंच विचारलं, “आजारी होत्या का?”

म्हटलं, नाही रे बाबा, मान कापली तिची. 1943 च्या 18 फेब्रुवारीला म्युनिक विद्यापीठात भावाबरोबर हिटलरविरोधी पत्रकं टाकत होती, विद्यापीठातल्याच कर्मचाऱ्यानं पकडून दिलं. 22 तारखेला खटला, त्याच दिवशी दोघांनाही मारलं. ती एकवीस वर्षांची होती. “माझ्याएवढीच की,” म्हणून त्यानं आधी समई काढली, मग कमळ. ‘निधन’ मी उभी राहून पुसायला लावलं. (निधन झोपेत होतं, या मताची मी आहे.)

इथपर्यंत मी फार शहाणी होते. मग मालक आले. चष्मा नाकावर घेऊन त्यांनी माझा मजकूर पहिल्यापासून वाचला. छापणारा माणूस मजकूर वाचतो, हे मी कितीतरी वर्षांनी पाहिलं. अमेरिकेतल्या केंट स्टेट विद्यापीठाच्या फ्रेमवर बोट ठेवून म्हणाले, “मॅडम, ‘गोळीबारात मृत्यू’ लिहिलंय. गोळीबार कुणी केला?”

“कळतंच की ते.”

“कुणाला? आपल्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी रोज गाड्या लावणाऱ्या पोरांना विचारा, ह्यांना फाशी कुणी दिलं म्हणून.”

मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा; 12 जानेवारी 1931, येरवडा. हे मला तोंडपाठ. पण माझ्या सातही कागदांवर मारणारा कुठंच नव्हता. कुणाचा ‘मृत्यू झाला’, कुणी ‘बळी पडला’. छत्तीस वर्षं कात्रणं चिकटवत आले, वर्तमानपत्रांची भाषा हाताला लागली होती.

त्यांच्याच काउंटरवर, हारांच्या खोक्यावर कागद ठेवून, सगळं पुन्हा लिहिलं. ‘4 मे 1970. ओहायो नॅशनल गार्डच्या जवानांनी तेरा सेकंदांत 67 गोळ्या झाडल्या आणि चार विद्यार्थ्यांना मारलं. त्यातले दोघं निदर्शनात नव्हते.’ ‘अबुल बरकत, ढाका विद्यापीठ. 21 फेब्रुवारी 1952. बांगलाला राज्यभाषेचा दर्जा मागणाऱ्या मोर्चावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, त्यात याला मारलं.’ ‘गोविंदचंद्र देव, तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. मार्च 1971 मध्ये पाकिस्तानी सैन्यानं राहत्या घरी ठार केलं.’ पाटण्याच्या सात मुलांचे फोटो मिळाले नव्हते, म्हणून सचिवालयासमोरच्या स्मारकाचं चित्र लावलं. त्याखाली 11 ऑगस्ट 1942 आणि ‘तिरंगा फडकवायला निघालेल्यांवर ब्रिटिश सरकारच्या पोलिसांनी गोळ्या चालवल्या’.

बदललेल्या मजकुराचे पैसे घेतले नाहीत. हा अर्धा तारा त्याचा.

आता तक्रारी. चौदा तारखेचा वायदा होता, फ्रेमा मिळाल्या सोळाच्या रात्री. यान ओप्लेटल या प्रागच्या वैद्यकीय विद्यार्थ्याचं नाव ‘ओपरेटर’ छापलं होतं. हे हसण्यावारी नेता येत नाही. ज्याच्या अंत्ययात्रेनंतर विद्यापीठं बंद झाली, त्याचं नाव तरी नीट हवं. पोरानं वरून पट्टी चिकटवून दिली, ती जवळून कळते. काच साधी, ट्यूबलाइट सरळ तोंडावर येते. वाचायला जावं तर आपलंच तोंड दिसतं आणि मजकूर गायब. दोन फ्रेमांच्या मागचे खिळे पुठ्ठ्याबाहेर आलेले, माझ्या साडीला ओढ बसली. पक्कं बिल मागितलं तर “पुढच्या वेळी” म्हणाले.

जाणार असाल तर मजकूर टाइप करून नेऊ नका, कागदावर मोठ्या अक्षरात लिहून न्या आणि मालक असताना जा. दुपारी दोन ते चार ते जेवायला घरी जातात, तेव्हा फक्त पोरगा असतो. फ्रेमा रिक्षात आडव्या ठेवू नका. माझ्या अथेन्सच्या फाटकाची काच सात रस्त्याच्या खड्ड्यात तडकली.