बोटाला लावायचा ऑक्सिमीटर : किल्ल्याच्या चढावरचे दोन महिने

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील एका औषधाच्या दुकानातून साडेअकराशे रुपयांना घेतलेला, रक्तातील ऑक्सिजनचे टक्के दाखवणारा हा ऑक्सिमीटर मी दोन महिने तिथल्या किल्ल्याच्या पूर्वेकडील पायवाटेवर वापरून पाहिला. व्यायाम करताना लागणारा दम मोजण्यास तो उपयुक्त असल्याचा दावा खोक्यावर आहे, आणि माझी मुख्य तक्रार त्याच दाव्याविषयी आहे.

पायथ्याच्या आलमगिरी दरवाज्यापाशी आकडा 98 होता. वरच्या हाथी पौर दरवाज्याशी धापा टाकत कठड्यावर बसलो तेव्हा 97. सौ. म्हणाली, "अहो, यंत्र म्हणतंय तुम्हाला काहीच झालेलं नाही, मग बसलात कशाला?" प्रश्न रास्त होता. उत्तर शरीर श्वास कशावरून वाढवते यात आहे.

मानेतील मुख्य धमनी जिथे दुभंगते तिथे दोन्ही बाजूंना तांदळाच्या दाण्याएवढे, रक्तावर नजर ठेवणारे संवेदक पिंड असतात (त्यांच्या श्वसनावरील नियंत्रणाचा उलगडा केल्याबद्दल कोर्नेय हेमान्स यांना 1938चे नोबेल मिळाले). रक्तातील ऑक्सिजनचा दाब सुमारे 60 मिलिमीटर पाऱ्याच्या दाबापेक्षा खाली, म्हणजे यंत्राच्या भाषेत 90 टक्क्यांच्या आसपास उतरेपर्यंत ते ऑक्सिजनपायी फारशी ओरड करत नाहीत, आणि निरोगी माणसाचा आकडा या चढावर तिथवर जातच नाही. मेंदूच्या तळाशी असलेले दुसरे संवेदक कार्बन डायऑक्साइडमुळे वाढणाऱ्या आम्लतेवर लक्ष ठेवतात. गंमत अशी की साध्या चालीत तो वायूही 40 मिलिमीटरच्या आसपासच राहतो, कारण पाय उचलताक्षणी मेंदूचा हुकूम आणि स्नायू-सांध्यांकडून येणारे संदेश श्वास आधीच वाढवतात. संवेदकांकडे उरते ती फक्त बारीकसारीक दुरुस्ती. चढ खडा झाला, स्नायूंत लॅक्टिक आम्ल साचू लागले, की मानेतले पिंड ती आम्लता टिपून श्वास एकदम जोरात चालवतात, इतका की कार्बन डायऑक्साइड नेहमीपेक्षा कमी होतो. या सगळ्या धांदलीत ऑक्सिजन जागचा फारसा हलत नाही, आणि यंत्र तेवढाच मोजते.

बाकीच्या उणिवा किरकोळ नाहीत. जानेवारीच्या सकाळी बोटे गारठलेली असताना त्याने 89 दाखवले. हात मफलरमध्ये चोळून पुन्हा लावला तर 97. रक्तपुरवठा आटला की बोटातून आरपार जाणाऱ्या लाल आणि अवरक्त प्रकाशावरून हिशेब करणाऱ्या या यंत्राची फसगत होते, हे पुस्तिकेत ठळक छापायला हवे होते. चालता चालता आकडा उड्या मारतो, उन्हात पडदा दिसत नाही. नाडीचे ठोके मात्र थांबून मोजले तर बरोबर येतात, आणि दोन पेन्सिल सेल अजून बदलावे लागलेले नाहीत.

दुकानदाराने परत घेण्यास नकार दिला. आता ते आईच्या उशाशी असते. तिच्या फुफ्फुसांचा आजार जुना आहे, डॉक्टरांनी रोजचा आकडा वहीत लिहून ठेवायला सांगितले आहे, आणि तिथे ते चोख काम करते.