जालन्याच्या उस्तादांकडून हेराल्डचं इंजिन बांधून घेतलं, त्याचा अनुभव (लांबलंय, चहा घेऊन बसा)

पहिलंच सांगून टाकतो, दुकानाचं नाव टाकणार नाही. उस्तादांनीच हात जोडून सांगितलंय, "नाम मत डालो मॅनेजर साहब, ट्रॅक्टरवालेच आवरंनात." (मी बँकेत कॅशियर आहे, मॅनेजर नाही, हे मी त्यांना पाच-सहा वेळा तरी सांगितलं असेल, काही फरक पडला नाही.) ज्याला खरंच गरज आहे त्यानं जालन्यात कुठल्याही ट्रॅक्टर मेकॅनिकला विचारावं, ब्लॉक बोअरिंगवाले (इंजिनचे झिजलेले सिलेंडर कापून परत गोल करणारे) म्हाताऱ्या उस्तादांचं दुकान कुठंय म्हणून, सरळ दारात नेऊन सोडतात.

गाडी स्टँडर्ड हेराल्ड, १९६६ ची, दोन दारांची. आजोबांची सेलूला आडत होती, त्यांनी ही १९७२ ला सेकंडहँड घेतली, ऐन दुष्काळात, म्हणून पणजी म्हणे महिनाभर त्यांच्याशी बोलली नव्हती. १९९१ ला बंद पडली ती वाड्यातच राहिली, वर सरकीची पोती, एअर क्लीनरमध्ये उंदराचं घर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही मुळात इंग्रजांची ट्रायम्फ हेराल्ड, कॉव्हेंट्रीच्या स्टँडर्ड-ट्रायम्फ कंपनीनं १९५९ ला काढलेली, डिझाईन मिकेलोटी नावाच्या इटालियन माणसाचं, आणि आपल्याकडं मद्रासला बनायची. इंजिन ९४८ सीसी, चार सिलेंडर, बोअर (सिलेंडरची आतली रुंदी) ६३ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ७६. तिकडं लगेच १९६१ ला मोठं ११४७ सीसीचं इंजिन आलं, आपल्याकडं मात्र ९४८ च राहिलं. ताकद ३५ एचपीच्या आसपास, म्हणजे आजच्या स्कूटीवाल्या पोरांनी हसायला हरकत नाही. पण बॉनेट बघितलं की हसायचे बंद होतात, कारण अख्खं तोंडच पुढं उलटतं, मडगार्डासकट, आणि तुम्ही निवांत पुढच्या टायरवर बसून इंजिनचं काम करू शकता. अशी सोय मी दुसऱ्या कुठल्या गाडीत बघितली नाही.

आधी संभाजीनगरच्याच एका गॅरेजला दिलती. ते प्रकरण थोडक्यात सांगतो कारण आठवलं तरी बीपी वाढतं. पहिल्या दिवशी म्हणाले मारुतीचं इंजिन टाका साहेब, कशाला डोक्याला ताप. मी नाही म्हणलं. मग म्हणाले चारही सिलेंडरला लायनर (सिलेंडरच्या आत बसवायची नवी नळी) टाकावे लागतील, ब्लॉक गेलाय. कशावरून गेला? बोट फिरवून बघितलं म्हणे. आणि या गाडीचे नट सगळे इंचातले आहेत, त्यांच्याकडं पाने मिमीचे. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी, त्यावर १३ चा पाना बसतो पण सैल बसतो, आणि पंचवीस-तीस वर्षं गंजलेल्या नटावर सैल पाना मारला की कोपरे गोल होतात. मॅनिफोल्डचे तीन नट असेच गोल करून ठेवले. तिथूनच गाडी उचलली, इंजिन खोलून गोणीत, ब्लॉक छोटा हत्तीमध्ये, आणि थेट जालना.

उस्तादांचं दुकान म्हणजे पत्र्याचं शेड, दारात ट्रॅक्टरचे ब्लॉक रचलेले, आत एक बोअरिंग मशीन, एक क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा) ग्राइंडर, एक लेथ आणि भिंतीवर जुना पंखा जो फक्त आवाज करतो. मी विचारलं लायनर लागतील का. त्यांनी ब्लॉककडं बघितलंसुद्धा नाही, म्हणाले "सोडून जा, सकाळी या. पहले नाप लेते, बाद में बात करते." मला वाटलं टाळायलेत. तसं नव्हतं. एप्रिल चालू होता, दुपारी त्या पत्र्याखाली काय होत असेल बघा, आणि ओतीव लोखंड गरम झालं की फुगतं, ६३ मिमीचा बोअर २० डिग्रीच्या फरकानं साधारण दीड शतांश मिमी बदलतो. ब्लॉक तापलेला आणि मायक्रोमीटर पेटीतून काढलेला गार असला की माप चुकलंच. म्हणून ते ब्लॉक रात्रभर दुकानात ठेवतात आणि सकाळी ऊन यायच्या आत ब्लॉक, गेज, मायक्रोमीटर सगळं एकाच तापमानाला असताना माप घेतात. हे मला कुठल्या शोरूमवाल्यानं कधी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला गेलतो तर डायल गेज लावून माप चालूच होतं, प्रत्येक सिलेंडर वर, मधी, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी. वहीत उर्दूत आकडे. जुन्या पिस्टनच्या डोक्यावर ०२० असा शिक्का निघाला, म्हणजे आजोबांच्या काळात कधीतरी एकदा बोअरिंग झालेलं, २० थाऊचं (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, या गाडीत सगळं थाऊतच बोलायचं). त्यावर चौथा सिलेंडर वरच्या टोकाला अजून ९ थाऊ झिजलेला, बाकीचे सहा-सात. वरच जास्त का, तर रिंगा तिथपर्यंतच जातात, तेल तिथं कमी पोचतं आणि स्फोटाचा दाब सगळ्यात जास्त तिथंच. मी लगेच हिशोब केला की २० अधिक ९ म्हणजे २९, मग तीसच्या साईजला होईल की! उस्ताद हसले. झीज गोल होत नसते, एका बाजूला जास्त होते, तीसला कापलं तर एका बाजूला जुना दाग राहणार आणि तिथून तेल वर येणार. चाळीसला करू, लोखंड भरपूर आहे, लायनरची काही गरज नाही. म्हणजे जे काम दुसऱ्याला पैसे घेऊन करायचं होतं ते यांनी मोजून नको म्हणून सांगितलं, आणि मोजायचे पैसे विचारले तर चहा सांगा म्हणाले.

पण मशीन लावलं नाही. आधी पिस्टन आणा म्हणाले. मी म्हणलं उस्ताद पुस्तकात साईज आहे, तुम्ही बोअर करून ठेवा, तोवर पिस्टन येतील. त्यांचं म्हणणं, पुस्तकातला पिस्टन मला दाखव, मी त्याला मापतो. जुन्या स्टॉकचे पिस्टन, डब्यावर ०४० लिहिलंय पण चौघांत अर्धा-अर्धा थाऊचा फरक असू शकतो, म्हणून ज्या सिलेंडरला जो पिस्टन जाणार तो हातात घेऊन मोजायचा आणि त्याच्या गॅपप्रमाणं तोच बोअर होन करायचा (बारीक घासून शेवटचं माप आणायचं). चेन्नईहून जुन्या स्टॉकचा चाळीसचा सेट मिळायला पाच आठवडे गेले. आला तर खरंच एक पिस्टन बाकीच्यांपेक्षा पाव थाऊनं कमी निघाला. उस्तादांनी त्याच्या डोक्यावर मार्करनं ३ लिहिलं आणि तो तिसऱ्याला गेला. (चाळीसनंतर ९४८ सीसीचं ९७८ सीसी झालंय, आरसीवर कोण लिहिणार ते.)

आता पाण्याचं. हे आपल्या भागातल्या प्रत्येक जुन्या गाडीवाल्यानं वाचाच. ब्लॉकच्या बाजूच्या गोल पत्र्याच्या चकत्या, कोअर प्लग, काढल्या आणि आतून जे निघालं ते बघून मला आमच्या घरच्या गिझरची कॉइल आठवली. आयुष्यभर रेडिएटरमध्ये बोअरवेलचं पाणी. पांढरे खडे, त्यात गंज, आणि सगळा गाळ चौथ्या सिलेंडरच्या मागं जमलेला कारण पंप पुढं असतो, मागं पोचेपर्यंत पाणी हळू होतं आणि गाळ तिथं बसतो. तिथं पाणी फिरतच नव्हतं, म्हणून तोच सिलेंडर जास्त झिजला. आजोबा म्हणायचे गाडी परभणीपर्यंत पण उकळते, आणि मद्राशी इंजिनला आपला उन्हाळा मानवत नाही अशी त्यांची थिअरी होती. मद्रासला काय थंडी असते का! ब्लॉक कॉस्टिकच्या गरम टाकीत दोनदा गेला, मधी उस्तादांच्या पोरानं वाकडी तार घालून तासभर उकरलं, तगारीभर माल निघाला. आता आत कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, बोअरवेलचा थेंब नाही.

क्रँकबद्दल एक गोष्ट हेराल्ड, ट्रायम्फचीच स्पिटफायर असं काही ठेवणाऱ्यांनी लक्षात ठेवा. मागच्या मेन बेअरिंगला दोन अर्ध्या चंद्रासारखे थ्रस्ट वॉशर असतात, क्लच दाबला की क्रँक पुढं सरकायला बघतो तो यांच्यावर अडतो. हे झिजले की पातळ होऊन खाली चेंबरमध्ये पडतात आणि मग क्रँक डायरेक्ट ब्लॉक खायला लागतो, मग मात्र ब्लॉक खरंच जातो. तपासायला काही खोलावं लागत नाही, एकानं क्लच दाबायचा आणि दुसऱ्यानं पुढून क्रँकच्या पुलीकडं बघायचं, पुली डोळ्याला दिसेल इतकी पुढं-मागं झाली तर गाडी चालवू नका. आमचा एक वॉशर कागदासारखा झालता, पडायचाच बाकी होता. म्हणजे १९९१ ला गाडी बंद पडली ते बरंच झालं. क्रँक दहा थाऊ अंडरसाईजला (म्हणजे तेवढा बारीक) ग्राइंड केला, आणि जर्नलच्या (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाच्या) कोपऱ्याला गोलाई ठेवली, उस्तादांनी बोट लावून दाखवलं, कोपरा धारदार सोडला तर क्रँक तिथूनच तडकतो.

हेडचं (ब्लॉकवरच्या झाकणाचं, व्हॉल्व्ह यातच असतात) काम मी सांगून करून घेतलं. भारतात शिसं घातलेलं पेट्रोल २००० च्या फेब्रुवारीत सगळीकडं बंद झालं, आमची गाडी त्याआधीच झोपलेली, म्हणजे तिनं अनलेडेड कधी चाखलंच नाही. जुन्या हेडमध्ये व्हॉल्व्हची सीट (बंद होताना व्हॉल्व्ह टेकतो ती कडा) हेडच्याच मऊ लोखंडात कापलेली असते, शिसं त्यावर गादीसारखं काम करायचं, ते गेलं की एक्झॉस्टच्या सीट हळूहळू आत बसत जातात. म्हणून चारही एक्झॉस्टला कडक सीट बसवल्या. उस्ताद म्हणाले कशाला, किती चालवणार तुम्ही? बरोबरच आहे म्हणा, पण हेड परत कोण उतरवणार. हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते जुनं रबर खातं, म्हणून पेट्रोलचे रबरी पाइप आणि फ्युएल पंपचा पडदा पण नवीन टाकला, तो खर्च वेगळा.

आता तक्रारी, कारण नुसतं कौतुक लिहिलं तर लोक म्हणतील मेहुणा आहे का.

एक, वेळ. पिस्टन आले की पंधरा दिवसांत देतो म्हणाले. पिस्टन मेच्या शेवटी आले आणि मृग तोंडावर. पेरणीच्या आधी ज्याचा ट्रॅक्टर उघडा पडलाय तो दुकानात येऊन बसतो, रोटाव्हेटरवाला वेगळा, आणि मी कोण, तर म्हाताऱ्या गाडीची हौस असलेला बँकवाला. माझा ब्लॉक पोत्याखाली गेला. फोन उचलत नाहीत, उचलला तर "कल" म्हणतात, आणि तो कल जुलैच्या मधी उजाडला. चिडलो होतो पण एका शनिवारी तिथं बसून बघितलं, परतूरकडचा एक शेतकरी अक्षरशः ब्लॉकजवळ झोपलेला, मग काय बोलणार.

दोन, स्वच्छता, आणि हे मी उस्तादांना तोंडावर बोललोय. बोअरिंग-होनिंगनंतर पोरानं ब्लॉकवर कॉम्प्रेसरची हवा मारली आणि झालं म्हणून दिला. हवेनं होनिंगची बारीक धूळ जात नाही, ती तेलात मिसळून नव्या रिंगांना पॉलिश पेपरसारखी घासते. मी ब्लॉक घरी आणला, अंगणात गरम पाणी, भांड्याची पावडर आणि बाटली धुवायचा ब्रश, तेलाच्या गॅलरीचे (ब्लॉकमधल्या तेलाच्या वाटांचे) प्लग काढून त्यातून पण ब्रश फिरवला, तिथून चकचकीत चुरा निघाला. पांढरं फडकं बोअरमध्ये फिरवून ते पांढरंच निघेपर्यंत धुवायचं आणि लगेच तेल लावायचं, नाहीतर बघता बघता तांबूस गंज धरतो. बायकोचं फडकं होतं, तो विषय वेगळा. हे काम दुकानात व्हायला पाहिजे.

तीन, बिल नाही. वहीतलं पान फाडून देतात.

इंजिन परत दुकानात नेऊन माझ्यासमोरच बांधलं, उस्तादांनी स्वतः, टॉर्क रेंच लावून, बेअरिंगची प्रत्येक कॅप कसली की क्रँक हातानं फिरवून बघायचे. टॅपेटचा (व्हॉल्व्हचा) गॅप थंड इंजिनला दहा थाऊ. नट सगळे इंची पान्यानं, तो सेट त्यांच्या वडिलांचा.

खर्च लिहितो कारण लोक तेच विचारतात. मशीनचं आणि बांधायचं सगळं मिळून १७ हजार, त्यात हेडच्या सीट धरून. पिस्टन-रिंग १४ हजार, इंग्लंडहून बेअरिंग, थ्रस्ट वॉशर आणि गॅसकीट सेट कस्टमसकट ११ हजार, बाकी पाइप, तेल, किरकोळ ५. म्हणजे ४७ हजारात झालं, लायनरवाल्यानं नुसत्या ब्लॉकचे ३० सांगितलते.

एक राहिलंच. बांधायच्या आदल्या दिवशी दुकानात गेलो तर ब्लॉक लाल. भडक ट्रॅक्टरवाला लाल. पोराकडं उरलेला रंग होता, त्यानं प्रेमानं मारून टाकला, विचारायचं त्याला सुचलं नाही. मी मिनिटभर नुसता बघत राहिलो. खरवडायचं म्हणलं तर सगळा खटाटोप परत, म्हणून राहू दिला, आता बॉनेट उलटलं की लोक आधी तेच विचारतात.

रनिंग-इन (नवं बांधलेलं इंजिन सुरुवातीला हळू चालवणं) म्हणून पहिली फेरी राजूरच्या गणपतीला केली, पन्नासच्या वर नेली नाही, मधी एकदा थांबून पाणी-तेल बघितलं. काटा मधल्या रेषेच्या वर गेला नाही, ऑगस्टच्या उन्हात. पहिलं तेल ५०० मैलांना बदललं, चुंबकावर थोडा चुरा होता, दुसऱ्या वेळी जवळजवळ नाही. डाव्या बाजूनं तेलाचा एक थेंब रोज पडतो, उस्ताद म्हणतात इंग्रजांची गाडी आहे, पडणारच.

पाचात चार देतो. एक धुण्याचा कापला. जायचं असेल तर सकाळी आठच्या आत जा, पिस्टन सोबत घेऊन जा, आणि मे-जूनमध्ये जाऊच नका.