एकावर एक दोन ॲन्सन: जुन्या १:७२ किटची जोडी आणि तिची छायाचित्रे

२९ सप्टेंबर १९४० रोजी ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्समध्ये, ब्रोकल्सबी या गावावर, रॉयल ऑस्ट्रेलियन एअर फोर्सची दोन ॲव्हरो ॲन्सन विमाने सराव उड्डाणात एकमेकांवर आदळली आणि एकमेकांत अडकून तशीच उडत राहिली. तो प्रसंग उभा करायचा, या एकाच हेतूने मी एका संग्राहकाकडून जुन्या साच्याचे, १:७२ प्रमाणाचे (खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या भागाएवढे) दोन ॲन्सन किट, म्हणजे प्लास्टिकचे सुटे भाग जोडून बनवायचे नमुने, सेकंडहँड घेतले. त्यामुळे हा अभिप्राय थोडा एकांगी होणार, हे आधीच कबूल करतो. एकट्या विमानासाठी जे दोष फार बोचतील, त्यांतले बरेचसे या मांडणीत झाकले जातात. उलट एरवी कोणी वाकून पाहणार नाही अशा भागांवर इथे सगळी भिस्त आहे.

मोजमापापासून सुरुवात करतो. ॲन्सनच्या पंखांचा विस्तार १७.२२ मीटर आणि लांबी १२.८८ मीटर, म्हणजे या प्रमाणात अनुक्रमे सुमारे २३९ आणि १७९ मिलिमीटर. दोन्ही किट या मापांना पट्टी लावून उतरले आणि धडाचा आकारही ओळखीचा वाटला. पृष्ठभागावर मात्र गव्हाच्या दाण्यांसारखे उठून दिसणारे रिव्हेट, म्हणजे जोडखिळ्यांची डोकी, आहेत. ते ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने, पाणी लावून, घासून टाकावेत. दोन विमाने म्हणजे काम दुप्पट आणि कंटाळा चौपट. पंख आणि धड यांच्या जोडात नखभर फट राहते, तिला पुट्टी लागतेच. केबिनच्या दोन्ही बाजूंच्या लांबलचक खिडक्या ही ॲन्सनची खूण, पण इथले पारदर्शक भाग जाड आहेत आणि आतली रिकामी केबिन त्यांतून धूसरच दिसते. वरच्या विमानाच्या वैमानिकाची आकृती तेवढी नीट रंगवावी, कारण गोष्ट त्याचीच आहे.

त्याचे नाव लेनर्ड फुलर, वय २२. वॉगा वॉगाजवळच्या फॉरेस्ट हिल तळावरून निघालेली ही विमाने सुमारे ३०० मीटर उंचीवर वळत असताना खालचे विमान फुलरच्या नजरेआड झाले आणि त्याचे विमान त्यावर जाऊन बसले. खालच्या विमानाचा टरेट, म्हणजे पाठीवरचा बंदुकीचा घुमट, वरच्याच्या डाव्या पंखाच्या मुळाशी रुतला आणि खालच्याचे उभे शेपूट वरच्याच्या आडव्या शेपटाला टेकू देऊन राहिले. वरची दोन्ही इंजिने बंद पडली, खालची दोन्ही चालू राहिली. खालच्या विमानातले दोघे आणि वरचा दिशादर्शक पॅराशूटने उतरले. फुलर एकटा मागे राहिला आणि खालच्या इंजिनांच्या जोरावर, आपल्या एलेरॉन व फ्लॅपच्या (पंखांच्या मागच्या कडेवरच्या हलत्या पट्ट्यांच्या) आधाराने, त्याने ते दुहेरी धूड सुमारे आठ किलोमीटर नेऊन एका कुरणात पोटावर उतरवले. जमिनीवर ते १८० मीटर घसरत गेले. चौघेही वाचले.

किटची खरी परीक्षा टरेटपाशी झाली. हा भाग लहान, पारदर्शक आणि ठिसूळ असल्याने त्यावर वरच्या विमानाचा भार टाकता येत नाही. मी खालच्या धडात उभी पितळी तार बसवली, टरेट तिच्याभोवती अर्धा कापून लावला आणि वरच्या पंखाचे मूळ आतून खरवडत गेलो, प्लास्टिक कागदाइतके पातळ होऊन नखाने चुरगळता येईपर्यंत. पुठ्ठ्यासारखी जाड कड राहिली तर टक्कर खोटी दिसते. लाकडी सांगाड्याचा हा पंख चिरतो, फाटतो, हे दिसायला हवे. सुदैवाने या किटचे प्लास्टिक मऊ आहे. नव्या साच्यांतले कडक प्लास्टिक इथे तडकले असते, असा माझा अंदाज.

डिकलचा, म्हणजे विमानावर चिकटवायच्या खुणा-आकड्यांचा, कागद पिवळा पडला होता. एन ४८७६ (वरचे विमान) आणि एल ९१६२ (खालचे) हे क्रमांक मी सुट्या अक्षरांतून जुळवले. त्याबद्दल किटला दोष देण्यात अर्थ नाही.

छायाचित्रणाने मात्र महिना खाल्ला. पहिल्या खेपेस मी जवळून मोबाइलने टिपले आणि दोन्ही विमाने बिस्किटाच्या डब्यातली खेळणी दिसली. दीड मीटर दूर जाऊन लांब पल्ल्याची लेन्स लावली, तेव्हा ती विमाने झाली; या प्रमाणात दीड मीटर म्हणजे १०८ मीटर, म्हणजे शेजारून उडणाऱ्या तिसऱ्या विमानातून दिसावे तितके अंतर. लेन्सचे छिद्र एफ १६ इतके बारीक ठेवूनही जवळचा पंख व दूरची शेपटी एकत्र स्पष्ट येईनात, म्हणून सहा फ्रेम वेगवेगळ्या फोकसवर घेऊन एकत्र केल्या. आधाराची सळई खालच्या विमानात, कॅमेऱ्याच्या पलीकडच्या बाजूने घातली.

इंजिनांच्या पंख्यांच्या (प्रोपेलरच्या) बाबतीत हा किट बक्षिसास पात्र आहे. आस जाड असल्याने ते मोकळे फिरतात. खालचे दोन पंखे हेअर ड्रायरच्या थंड झोताने फिरवायचे, वरचे दोन डिंकाने जखडायचे आणि शटर सेकंदाच्या तिसाव्या भागावर ठेवायचे. फिरणारे आणि थिजलेले पंखे एका चौकटीत आले की सबंध प्रसंग कळतो. पहिल्याच झोतात सगळी जोडी सळईवर डुलू लागली आणि वरच्या विमानाचा एक एलेरॉन टेबलाखाली गेला, तो अजून सापडलेला नाही. त्यानंतर सळई जाड घेतली.

जमिनीवरचे दृश्य मी सोडून दिले. १८० मीटरचा घसरपट्टा या प्रमाणात अडीच मीटर होतो. एवढे गवत लावायला घरी परवानगी मिळाली नाही.

ज्यांना एकच नेटका ॲन्सन कपाटात ठेवायचा आहे त्यांनी हा किट घेऊ नये. कापाकापीची तयारी असेल तर मात्र दोन घ्यावेत, पाचपैकी चार गुण. एक सूचना: वरचे विमान चिकटवू नका, तारेवर नुसते बसवा. प्रत्यक्षात एन ४८७६ दुरुस्त होऊन पुन्हा उडाले आणि एल ९१६२ जमिनीवर प्रशिक्षणाच्या कामी आले, त्यामुळे माझ्या कपाटात ती आता वेगवेगळ्या खणांत आहेत.