किनाबातांगनची नदीसफारी: प्राणी भरपूर दिसतात, पण का ते विचारा

पैसे वसूल होतात का? होतात. घाईत असाल तर इथेच थांबून बुकिंग करायला हरकत नाही. वेळ असेल तर पुढे वाचा, कारण माझी तक्रार जरा वेगळी आहे.

सबा हे बोर्निओ बेटावरचं मलेशियाचं राज्य. तिथली किनाबातांगन नदी ५६० किलोमीटर लांब, आणि तिच्या खालच्या टप्प्यात सुकाऊ नावाचं गाव आहे. नदीकाठी ओळीने लॉज आहेत. आम्ही नवराबायको त्यातल्या एका मधल्या दराच्या लॉजवर उतरलो. दोन रात्री, जेवणखाण, सकाळ-संध्याकाळची होडी आणि रात्रीची एक फेरी असं पॅकेज, माणशी साधारण नऊशे रिंगिट. लॉजचं नाव मुद्दामच देत नाही. पुढे जे लिहिणार आहे ते एकट्या त्याच्या माथी मारण्यासारखं नाही.

मी चिपळूणचा. फरसाणाचं दुकान आहे आणि सवड मिळाली की दुर्बीण गळ्यात अडकवून हिंडायची खोड आहे. वाशिष्ठीतल्या मगरी दाखवणाऱ्या होड्या आमच्याकडेही असतात, त्यामुळे नावाडी बरा की वाईट एवढं पाच मिनिटांत कळतं. इथला नावाडी अव्वल होता. ओरांग सुंगाई समाजातला, म्हणजे इथला मूळचा नदीकाठचा माणूस. मला ‘बॉस’ म्हणायचा. सबामध्ये सगळे सगळ्यांनाच बॉस म्हणतात, हे नंतर कळलं. दीडशे फुटांवरच्या फांदीवरचं गुंडाळलेलं वेटोळं त्याला होडी चालवता चालवता दिसायचं. इंजीन वेळेवर बंद करायचा, होडी प्रवाहाबरोबर सोडून द्यायचा, आणि आपण ‘अजून जवळ’ म्हटलं तर हसून नाही म्हणायचा. असा माणूस मिळाला तर टीप सढळ हाताने द्या.

आणि दिसतं काय काय! लांबनाकी प्रोबोसिस माकडं संध्याकाळी काठावरच्या झाडांवर झोपायला येतात, ती टोळ्याच्या टोळ्या. हे माकड जगात बोर्निओखेरीज कुठेच नाही. खाऱ्या पाण्यातली मगर, तिरंदाज पक्षी, खंड्याच्या तीन-चार जाती. या एका नदीकाठी धनेशाच्या आठ जाती आहेत. आपल्या कवड्या धनेशाचा तिथला भाऊबंद तर कावळ्यासारखा सहज दिसतो. गेंडा-धनेश डोक्यावरून गेला तेव्हा पंखांचा आवाज आधी आला, पक्षी मागाहून. ओरांगउटानची एक मादी पिल्लासह मिळाली. हत्ती मिळाले नाहीत, ते नशिबाचं काम. बोर्निओचा हत्ती आता साधारण हजारच उरला असावा असा अंदाज आहे, आणि २०२४ मध्ये त्याची नोंद ‘संकटग्रस्त’ म्हणून झाली.

लॉजच्या पत्रकात या सगळ्याचं श्रेय ‘अस्पर्श, आदिम वर्षावना’ला दिलंय. माझी तक्रार इथे सुरू होते.

सांडाकान शहरातून सुकाऊला गाडीने दोन-अडीच तास लागतात, आणि त्यातला बहुतेक वेळ खिडकीबाहेर एकच झाड असतं. पाम. तेलासाठी लावलेला, त्रिकोणी मांडणीत, नऊ-नऊ मीटरवर, टेकडी आली की पायऱ्या कोरून, पण पामच. सबात सुमारे पंधरा लाख हेक्टर पाम आहे, म्हणजे राज्याच्या जमिनीचा जवळजवळ पाचवा हिस्सा. उरलेलं अभयारण्य नदीच्या दोन्ही काठांना तुकड्या-तुकड्यांत चिकटलंय. २००५ साली ते जाहीर झालं तेव्हाच त्याचे दहा तुकडे होते, सगळे मिळून साधारण २६ हजार हेक्टर. या तुकड्यांतली मोठी झाडंही आधीच्या दशकांत लाकडासाठी तोडून झाली होती. तेव्हा ‘अस्पर्श’ हा शब्द पत्रकातून काढायला हवा.

होडीतून प्राणी इतके दिसतात त्याचं निम्मं कारण हे आहे. माकडं नदीकाठी झोपतात ही त्यांची मूळची सवय खरी, पण बाकीच्यांना मागे सरकायला जागाच नाही. काठावरची झाडी काही ठिकाणी इतकी अरुंद आहे की तिच्या फटीतून पलीकडच्या पामच्या रांगा दिसतात. नावाड्याला विचारलं, तर म्हणाला, “बॉस, जंगल मोठं असतं तर तुला एवढे दिसले नसते.” पत्रकात छापायचं वाक्य हे होतं.

परतीच्या वाटेवर मी ड्रायव्हरला मळ्यात गाडी थांबवायला लावली. हिला ते पटलं नाही, पण अर्धा तास दिला. पामखाली उभा राहून मोजलेले पक्षी असे: होला, दयाळ, शिंपी, बुलबुल, गायबगळे, ओहोळात लाजरी पाणकोंबडी, वर घिरट्या घालणारी कापशी. जाती थोड्या इकडच्या-तिकडच्या, पण कुळं सगळी आमच्या परसातली. तेवढ्यासाठी विमानाचं तिकीट काढायला नको होतं. एका बाजूला आठ धनेश, दुसऱ्या बाजूला एकही नाही. धनेशाला घरट्यासाठी जुन्या झाडाची ढोली लागते, आणि पाम पंचवीस वर्षांचा झाला की फार उंच झाला म्हणून पाडून नवा लावतात.

हा माझा अर्ध्या तासाचा हिशेब झाला. शास्त्रज्ञांनी तो नीट मांडलाय. २००८ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं गेलं, तेव्हा मूळ जंगलातल्या जातींपैकी सरासरी १५ टक्केच पामच्या मळ्यात सापडल्या. मळा अगदी मेलेला नसतो, हेही खरं. उंदीर भरपूर, म्हणून अजगर आणि वाघाटी येतात. उंदरांसाठी गव्हाणी घुबडांना पेट्या बांधून देतात. खोडांवर नेचे वाढतात. ओरांगउटानही मळ्यातून ये-जा करतात, पण संसार थाटायला त्यांना जंगलच लागतं. गंमत म्हणजे पामचं परागीभवन करणारा भुंगाही इथला नाही. पाम पश्चिम आफ्रिकेचा. १९८१ साली कॅमेरूनमधून तो भुंगा आणेपर्यंत मलेशियात मजूर हाताने परागण करत होते.

मेनांगुल उपनदीत जायला मिळालं तर नाही म्हणू नका. तिथे दोन काठांच्या झाडांना जाडजूड दोर बांधलेले दिसतात. ते अग्निशमन दलाच्या जुन्या होजपाइपचे पूल. ओरांगउटानला पोहता येत नाही. पूर्वी मोठ्या झाडांच्या फांद्या पाण्यावर एकमेकींना भिडायच्या. ती झाडं गेली, वाट तुटली. सुकाऊतली ‘हुतान’ ही संस्था १९९८ पासून इथे ओरांगउटानसाठी काम करते, हे पूल त्याच कामातले. धनेशांसाठी झाडांवर लाकडी पेट्याही बसवल्यात. आमच्या होडीत दोन युरोपियन बायका त्या पुलांचे फोटो काढून ‘हाउ स्वीट’ म्हणत होत्या. मला मात्र ते बघून भरून-बिरून आलं नाही, रागच आला.

आता माझ्या धंद्याचं. नावाड्याला सांगितलं की मी फरसाणवाला, पामोलिनचे पंधरा किलोचे डबे माझ्या दुकानात येतात, तर तो मोठ्याने हसला. त्याच्या घरचा थोडा पाम आहे. दहा-पंधरा दिवसांनी घड कापायचे, लगेच गिरणीत पोचवायचे, नाहीतर तेल उतरतं. कोविडात लॉज बंद पडले तेव्हा त्याचं घर पामवर चाललं. “पर्यटक सीझनला येतो, घड वर्षभर येतात,” असं त्याचं म्हणणं. याच्यापुढे काय बोलणार?

गिऱ्हाइकं आता विचारतात, तेल बदललं का म्हणून. नाही. पामोलिन तापून धुरावत नाही, शेव महिनाभर खवट होत नाही, आणि शेंगदाणा तेलाच्या भावात भावनगरी कोणी घेणार नाही. पाम एका हेक्टरात जेवढं तेल देतो तेवढं द्यायला दुसऱ्या पिकांना नऊपटीपर्यंत जमीन लागू शकते, असं निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संघटनेनेच, आययूसीएनने, २०१८ च्या अहवालात म्हटलंय. त्याच अहवालात पामच्या लागवडीमुळे किमान १९३ जाती धोक्यात असल्याचंही आहे. दोन्ही वाक्यं एकदम वाचा. मुद्दा तेल खाण्याचा कमी आणि नवा पाम कुठे लावता याचा जास्त आहे. पामतेल सर्वांत जास्त आयात करणारा देश आपलाच. २०२२ च्या दिवाळीत ‘आनंदाचा शिधा’ म्हणून घरोघर आलेल्या पिशवीतही पामतेलाची एक लिटरची पिशवी होती. आणि २०२१ पासून केंद्राची ११,०४० कोटींची योजना ईशान्य भारत आणि अंदमानवर भर देऊन पाम लावायला सांगते आहे. मिझोराममधल्या डाम्पा व्याघ्र प्रकल्पाजवळ पक्षी मोजले गेले, तेव्हा ज्या फिरत्या झूम शेतीला आपण नावं ठेवतो तिथे जंगलातले पक्षी पामपेक्षा जास्त निघाले होते. किनाबातांगनला जाऊन आल्यावर ही बातमी वेगळीच वाचली जाते.

बाकी किरकोळ तक्रारी. ओरांगउटान दिसल्याबरोबर आसपासच्या सगळ्या होड्या तिथे गोळा होतात आणि पेट्रोलच्या वासात ती मादी पाठ फिरवून बसते. बुकिंग करताना विजेच्या मोटारीची होडी मागा. मुख्य नदीपासून तुटलेल्या तळ्यांत तरी ती हवीच. लॉजवर जंगलाची माहिती देणारा तक्ता आहे, त्यात ‘पाम’ हा शब्द एकदाही नाही. लाइफ जॅकेट धुतलेलं नव्हतं. जेवण चवदार, पण हिचा सोमवार होता आणि ‘व्हेज’ म्हणून आलेल्या कांगकोंगच्या पालेभाजीत बेलाचान निघालं. ते म्हणजे आंबवलेल्या कोलमाचं वाटण. मंगळवारी तिने तीच भाजी दोनदा घेतली. शाकाहारी असाल तर ‘बेलाचान नको’ हे मलयमध्ये लिहून न्या आणि स्वयंपाक्याच्या हातात द्या, काउंटरवर नाही.

गुण पाचापैकी चार. एक कापला तो पत्रकातल्या त्या एका शब्दासाठी. पावसाळा टाळा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी नदी चढते. जळवांचे मोजे न्या. येता-जाताना गाडीत झोपू नका, रस्त्याचे ते दोन-अडीच तास पॅकेजमध्ये धरूनच जा. शक्य असेल तर मळ्यात अर्धा तास उतरा आणि ड्रायव्हरला त्याचे वेगळे पैसे द्या.